दोन खरेद्यांचा रिव्ह्यू : साडेनऊ हजारांची दुर्बीण आणि कंपनीचं ट्रेनिंग ॲप

परवा एचआरकडून लिंक आली, "लर्निंग ॲपबद्दल अभिप्राय द्या". पाच चांदण्या आणि खाली दोनशे अक्षरांचा डबा. दोनशे अक्षरांत मी नुसता घसा साफ करतो, म्हणून इथं लिहितोय. आणि सोबत दुर्बिणीचाही रिव्ह्यू देतोय, कारण दोन्ही गोष्टी २०२४ च्या दिवाळीच्या पुढेमागे आमच्या आयुष्यात आल्या, एक कंपनीने घेतली आणि एक मी घेतली, आणि दोन्हीच्या खोक्यावर एकच दावा होता, की यानं माणसं शिकतील.

माझी ओळख म्हणजे चाकणला एका कंपनीत मशीन शॉपचा सुपरवायझर, राहायला मोशीला, घरी बायको आणि सहावीतली लेक. कंपनीचं, ॲपचं आणि दुर्बिणीच्या ब्रँडचं नाव विचारू नका, देणार नाही, नोकरी आहे अजून.

आधी ॲप. आमच्याकडे ऑडिट असतं, ऑडिटर येतो आणि विचारतो ट्रेनिंग रेकॉर्ड दाखवा. आधी रजिस्टर होतं, लोक सही करायचे, आता ॲप आहे, लोक क्लिक करतात. प्रत्येक मॉड्यूल चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, व्हिडिओ संपेपर्यंत "पुढे"चं बटण राखाडी, मग दहा प्रश्न, ऐंशी टक्के पडले की पास, नापास झालात तर लगेच परत, कितीही वेळा, आणि प्रश्न तेच, पर्यायांचा क्रमसुद्धा तोच. पास झालं की स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडतात, बिल्ला मिळतो, पॉइंट मिळतात, लीडरबोर्डवर नाव वर सरकतं आणि महिन्याच्या शेवटी पहिल्या तिघांना पाचशेचं व्हाउचर.

पहिला आठवडा जोरात. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी उत्तरांचे फोटो काढून शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, १-ब, २-अ, ३-ड असे. तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या टेबलावर एका ओळीत सहा मोबाइल पालथे ठेवलेले, आवाज म्यूट, आणि सहाही जण निवांत भाकरी मोडतायत. व्हिडिओ चालू, ट्रेनिंग चालू, कंप्लायन्स शंभर टक्के. लीडरबोर्डवर पहिला आलेला पोरगा माझ्याच लाइनचा. पोका-योके म्हणजे चूक होऊच नये अशी कामात करून ठेवलेली सोय. त्याला विचारलं, "काय रे, पोका-योकेच्या मॉड्यूलमध्ये काय होतं?" तर म्हणाला, "सर, पाचव्याचं उत्तर क होतं." मी हसलो, पण त्याचं काही चुकलं नव्हतं हो, ज्याला पॉइंट दिले ते त्याने केलं. क्लिकला पॉइंट दिले, क्लिक आले.

आणि मराठी! ॲपमध्ये भाषा निवडता येते हे बघून मी खूश झालो होतो. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मशीनमध्ये हात घालायच्या आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि आपल्या नावाचा टॅग अडकवायचा, याला सगळे लॉकआउट टॅगआउट म्हणतात, बोलताना नुसतं लोटो. या ॲपने लॉकआउटचं मराठी केलं "टाळेबंदी". आता चाकणच्या पट्ट्यात कुठल्याही कामगाराच्या मोबाइलवर सकाळी सकाळी नोटिफिकेशन आलं की "टाळेबंदी प्रक्रिया : आपण तयार आहात का?" तर काय होईल? दोन तासांत युनियनची माणसं केबिनमध्ये! एचआरवाल्या मॅडमना अर्धा दिवस समजावत बसावं लागलं की कंपनी बंद होत नाहीये, ते स्विचच्या कुलपाबद्दल आहे. पण गंमत बघा, त्या दिवशी अख्ख्या प्लँटला लोटो म्हणजे काय ते कळलं. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओने नाही कळलं, पोटात गोळा आला तेव्हा कळलं.

आता दुर्बीण. लेकीला वाढदिवसाला सायकल हवी होती, दुर्बीण मला हवी होती, हे आधीच कबूल करतो. ७० मिलिमीटरची भिंगाची, फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर, ७०० मिलिमीटर, ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड, तीन आयपीस म्हणजे डोळा लावायची छोटी भिंगं, आणि एक बार्लो म्हणजे आयपीसची पट वाढवणारं जोडभिंग. खोक्यावर मोठ्या अक्षरात "५२५ पट", शेजारी शनीचा फोटो, कडी अशी झगझगीत की वाटावं यानातूनच काढलाय.

तर पहिली गोष्ट, ते ५२५ पट विसरा. गणित सोपं आहे, त्या ७०० ला आयपीसच्या आकड्याने भागायचं. २५ च्या आयपीसने २८ पट, १० च्या आयपीसने ७० पट, आणि ४ चा आयपीस लावून वर तीनपट बार्लो चढवला की झाले ५२५. होतात, पण दिसत काही नाही, डाळीच्या पाण्यात दिवा पडल्यासारखं. सर्वसाधारण हिशोब असा असतो की भिंगाच्या रुंदीच्या दुपटीपर्यंत पट वाढवायचे, म्हणजे या दुर्बिणीला फार तर १४०. मी बार्लो आणि ४ चा आयपीस परत खोक्यात ठेवले ते आजतागायत तिथंच आहेत.

दुसरी गोष्ट, ट्रायपॉड. ट्रायपॉड म्हणजे लग्नातल्या मांडवाचा बांबू बरा. फोकसच्या चाकाला हात लावला की गुरू नाचतो, हात काढला की तीन-चार सेकंदांनी थांबतो. उपाय म्हणजे मधल्या ट्रेखाली पाच किलो वाळूची पिशवी लटकवायची, बराच फरक पडतो. फाइंडर म्हणजे ती वरची छोटी नळी, ती दिवसाच जुळवून घ्या, आम्ही समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर जुळवली. पहिल्या रात्री हे न करताच गच्चीवर गेलो होतो आणि पाऊण तास गुरू शोधत होतो, तो डोळ्यांनी ढळढळीत दिसतोय आणि दुर्बिणीत अंधार. बायको दोनदा येऊन जेवण गार झाल्याचं सांगून गेली.

पण मग सापडला.

डिसेंबर २०२४ मध्ये गुरू रोहिणीच्या जवळ होता, रात्री मस्त वर यायचा. २८ पटीत छोटी पिवळट चकती आणि तिच्या रेषेत चार टिंबं, म्हणजे गुरूचे चार मोठे चंद्र. लेकीने डोळा लावला आणि काही बोललीच नाही. नंतर म्हणाली, "पप्पा, हा पळतोय." खरंच पळत होता, ७० पट लावलं की दोन-तीन मिनिटांत गुरू एका कडेने बाहेर. तिला वाटलं दुर्बीण घसरतेय, तिने ट्रायपॉडचे स्क्रू आवळले, तरी पळतोय. मग स्वतःच गप्प उभी राहून विचार करत होती, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, "तो नाही ना पळत? आपण फिरतोय?" पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे तिच्या पुस्तकात तिसरी-चौथीपासून आहे, परीक्षेत लिहून मार्कही घेतलेत. पण पायाखाली सिमेंटची गच्ची सरकतेय हे त्या रात्री कळलं. मलासुद्धा नीट तेव्हाच कळलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी तिने एक जुनी वही काढली आणि रोज रात्री त्या टिंबांचं चित्र काढायला लागली. मी सांगितलं नव्हतं, शाळेने सांगितलं नव्हतं, बिल्ला नव्हता. मध्ये एक गोल आणि आजूबाजूला ठिपके, खाली वेळ. तीन-चार दिवसांनी भांडण. एके रात्री तीनच ठिपके. ती म्हणे भिंग खराब झालं, मी म्हणे ढग असेल, मग दोघं मोबाइलवर शोधत बसलो आणि कळलं की एक चंद्र गुरूच्या मागे गेला असेल नाहीतर पुढ्यात आला असेल. सगळ्यात आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, बाहेरच्या कॅलिस्टोला साडेसोळा दिवसांहून जास्त लागतात. आणि हेही कळलं की गॅलिलिओला सुद्धा ७ जानेवारी १६१० ला पहिल्यांदा तीनच दिसले होते, चौथा काही दिवसांनी सापडला. हे वाचल्यावर आमच्या घरात जो काही माज आला होता!

शनीने मात्र निराशा केली, त्यात दुर्बिणीचा दोष नाही, खोक्यावरच्या फोटोचा आहे. त्या हिवाळ्यात शनीची कडी आपल्याकडे जवळजवळ कडेने होती, मार्च २०२५ मध्ये तर बरोबर कडेवरच येणार होती, त्यामुळे चकतीतून सुई आरपार घातल्यासारखं दिसायचं. लेक म्हणाली, "खोक्यावर असं नव्हतं." पण "मग फोटोत तसं का आणि इथं असं का" या एका प्रश्नावर आम्ही जेवणाच्या ताटलीला तिरकं, आडवं, कडेने धरून दोन रात्री काढल्या. जानेवारीत व्हॉट्सॲपवर "सगळे ग्रह एका रांगेत" वाला फॉरवर्ड फिरत होता, तेव्हा सोसायटीतले लोक गच्चीवर आले आणि आमच्या लेकीने रांग लावून शुक्र दाखवला. तेव्हा तो अर्ध्या चंद्रासारखा दिसत होता, फेब्रुवारीत कोर झाली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं हा तर चंद्रच आहे, मला फसवतेस." खरा चंद्र दुसरीकडे दाखवेपर्यंत त्यांना पटलं नाही.

आता ही मधली गंमत ऑफिसात सांगितली म्हणून पुढचं झालं, नाहीतर मी दोन वेगळे रिव्ह्यू लिहिले असते.

आमच्याकडे मेंटेनन्सला एक काका आहेत, रिटायरमेंटला दोन वर्षं. बेअरिंग गेलंय की नाही हे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून सांगतात. लीडरबोर्डवर त्यांचा नंबर शेवटून दुसरा, कारण त्यांनी ॲप उघडलंच नाही. त्यांना मी गच्चीची गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "साहेब, पोरीला आधी कोडं पडलं, मग उत्तर आलं. तुमच्या ॲपमध्ये उत्तर आधी येतं, कोडं येतच नाही."

यावर मी थोडं वाचलं, कारण डोक्यातून जाईना. १९७३ चा एक प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांचा. बालवाडीतली चित्रं काढायची आवड असलेली पोरं घेतली, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं "गुड प्लेअर" सर्टिफिकेट मिळेल. काहींना काहीच कबूल केलं नाही, काहींना शेवटी अचानक दिलं. आठवडा-दोन आठवड्यांनी परत रंग ठेवले, तर ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती पोरं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांची आवड तशीच होती. सर्टिफिकेट वाईट नाही, "हे सर्टिफिकेटसाठी करायचं असतं" हे पोराच्या डोक्यात बसणं वाईट. आमच्या ॲपमध्ये तर सर्टिफिकेट डाउनलोड न करता मॉड्यूल बंदच होत नाही.

पण इथं एक गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा पैशाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. ऑपरेटरचा सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, झाला की पगारात फरक पडतो, आणि सेटिंग शिकायला पोरं शिफ्ट संपल्यावर थांबतात, स्वतःहून, काकांना चहा पाजून. तिथं पैसा आणि हात एकाच दिशेला आहेत, मशीन नीट लागलं तरच सेटर म्हणतात. पाचशेच्या व्हाउचरला मशीन नीट लागो न लागो काही फरक पडत नाही.

अवकाशाचाच अजून एक किस्सा, तो मी सेफ्टी मीटिंगमध्ये सांगितला आणि पहिल्यांदाच मीटिंगमध्ये कुणी जांभई दिली नाही. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या थोडे दिवस आधी ह्यूस्टनला कंट्रोल रूमचा सराव चालला होता. सराव घेणाऱ्यांचा म्होरक्या डिक कूस, त्याने चंद्रावर उतरण्याच्या ऐन वेळी कॉम्प्युटरवर १२०१ नंबरचा अलार्म मुद्दाम टाकला. कॉम्प्युटर बघणारा स्टीव्ह बेल्स, वय २६, त्याला तो अलार्म काय ते कळेना, त्याने उतरणं रद्द करायला लावलं. नंतर कूसने सुनावलं की रद्द करायची गरज नव्हती. चारचौघांत चुकल्यावर मग त्या टीमने एक एक अलार्म खणून काढला, जॅक गार्मन नावाच्या २४ वर्षांच्या पोराने हाताने यादी लिहिली. २० जुलै १९६९ ला खरोखर उतरताना त्याच जातीचा १२०२ अलार्म वाजला, आणि गार्मन आणि बेल्सने काही सेकंदांत सांगितलं, चालू ठेवा. आता कल्पना करा, त्यांना चाळीस मिनिटांचा "अलार्मची ओळख" व्हिडिओ आणि दहा प्रश्न दिले असते तर!

मग काकांनी आणि मी एक जुगाड केला. स्टोअरमध्ये एक जुनं कंट्रोल पॅनल धूळ खात पडलं होतं, ते जोडून टेबलावर ठेवलं. काकांनी कुणी नसताना आत एक वायर ढिली केली आणि बाहेर पाटी लावली, "चालू होत नाही. का?" बस. बक्षीस नाही, सक्ती नाही, हजेरी नाही. एक अट मात्र होती, हात घालायच्या आधी स्विचला कुलूप आणि टॅग, नाहीतर बाद. पहिल्या दिवशी दोन जण, तिसऱ्या दिवशी अकरा. एका अप्रेंटिस पोराची कंपनीची बस चुकली, कारण तो रिलेचा कॉन्टॅक्ट तपासत बसला होता, त्याला मी गाडीवर मोशीपर्यंत सोडला, वाटेत माझं डोकं खाल्लं त्याने, पार्किंगपर्यंत सर्किट समजावत होता. लीडरबोर्डवर पहिला आलेला तो "पाचव्याचं क" वाला पोरगा पण आला, आणि कुलूप लावायचं विसरल्याबद्दल काकांनी त्याला सगळ्यांसमोर बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी पहिला हजर, स्वतःच्या नावाचा टॅग घेऊन.

एचआरला हे सांगितलं. मॅडम चांगल्या आहेत, मनापासून ऐकलं, मग म्हणाल्या, "पण सर, याचं रेकॉर्ड कसं ठेवायचं?" त्यांचंही खरं आहे, ऑडिटर वायर बघत नाही, कागद बघतो. शेवटी काका पॅनलजवळच्या वहीत तारीख, बिघाड आणि कुणी काढला ते लिहितात आणि मी त्यावरून शॉपमधल्या स्किल मॅट्रिक्सच्या, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं त्या तक्त्याच्या, बोर्डावरचे गोल भरतो, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. ते चाललं.

शिकण्याची हौस माणसात नाहीच असं म्हणणाऱ्यांनी २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवावी. चंद्रयान-३ उतरलं ६ वाजून ४ मिनिटांनी, शिफ्ट बदलायच्या गडबडीत, आणि कँटीनच्या टीव्हीसमोर उभं राहायला जागा नव्हती. इस्रोच्या यूट्यूबवर एका वेळी ऐंशी लाखांच्या वर लोक होते. काय बघत होते? एक हिरवा आलेख आणि आकडे! यान सेकंदाला १.६८ किलोमीटरवरून वेग कमी करतंय, ठिपका रेषेवरून सरकतोय, आणि आमचा फोर्कलिफ्टवाला मला विचारतोय, "साहेब, तिथं हवा नाही तर पॅराशूट कसं उघडणार? ब्रेक लावतात कसा?" हा प्रश्न आमच्या ॲपला शंभर जन्मांत पडायचा नाही. त्यात २०१९ च्या सप्टेंबरमधलं चंद्रयान-२ च्या विक्रम लँडरचं कोसळणं सगळ्यांना आठवत होतं. होईल का नाही ही धाकधूक होती, म्हणूनच बघत होते.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर गेले मे २०२५ मध्ये. त्यांची एक सवय खूप जणांनी सांगितली आहे, पोरं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही नाही, पोस्टकार्डावर मला विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल. म्हणजे बिल्ला मिळणारच, पण प्रश्नाच्या पोटातून.

बरं, लांबलं. आमचं गाव जुन्नरकडं, नारायणगावहून खोडदला जाताना त्या मोठ्या जाळीच्या ताटल्या दिसतात, जीएमआरटीच्या, ४५ मीटरच्या एकूण तीस. लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं नाही की यात काय दिसतं. त्यांच्यातून डोळ्यांनी काहीच दिसत नाही, त्या रेडिओ लहरी पकडतात, हे मला चाळिशीत लेकीमुळे कळलं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास तिथं प्रदर्शन असतं, तालुक्यातली शाळांची पोरं टेम्पो भरभरून येतात, आम्ही गेलो होतो, लेकीने तिथल्या एका ताईंना इतके प्रश्न विचारले की मागची रांग ओरडायला लागली.

तर रेटिंग. ॲपला दीड चांदणी, त्यातली एक टाळेबंदीबद्दल. दुर्बिणीला साडेतीन, दीड कापली ट्रायपॉडसाठी आणि खोक्यावरच्या थापेसाठी. नवीन घेणाऱ्यांनी पटींचा आकडा न बघता भिंगाची रुंदी आणि स्टँड बघा, आणि घेण्याआधी पुण्यात असाल तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, तिथल्या लोकांशी बोला, दुर्बीण न घेताही बरंच बघायला मिळतं. चंद्र बघायचा तर पौर्णिमेला नको, सपाट पांढरा दिसतो, अष्टमीच्या आसपास बघा, खड्ड्यांच्या सावल्या पडतात. सूर्याकडे दुर्बीण चुकूनही नाही, पोरांना एकटं सोडू नका दिवसा.

आणि माझ्या ट्रायपॉडच्या पायाचा प्लॅस्टिकचा स्क्रू दोन महिन्यांत तुटला. कस्टमर केअरवाले पूर्ण स्टँड घ्या म्हणतात, सव्वादोन हजार. काकांनी शॉपमधला सहा एमएमचा बोल्ट आणि विंग नट टाकून दिला, पाच मिनिटांचं काम, दहा रुपये.